धागा: भावाने पाठवलेला कन्नड कागद – सही करू का?

माहेरवाशीण_चंदगड
नमस्कार मंडळी. माझं माहेर बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात, सासर चंदगड तालुक्यात. शिनोळीचा नाका ओलांडला की राज्य बदलतंय, एवढंच अंतर. वडील गेल्या पावसाळ्यात वारले. आम्ही दोघी बहिणी, दोघे भाऊ, आणि आई. जमीन अडीच एकर, आजोबांपासूनची.

धाकट्या भावानं व्हॉट्सअ‍ॅपवर कागदाचे फोटो पाठवलेत. म्हणतोय, "वारसा लावायचा आहे, सोमवारी येऊन सही करून जा. आधार कार्ड आण, फोटो आण." कागद सगळा कन्नडात. माझी शाळा मराठी, तीही सातवीपर्यंत. कन्नड विषय होता तो अक्षरं ओळखण्यापुरता. बोललेलं कळतंय, वाचलेलं नाही. थोरल्या बहिणीची सही ठरली आहे म्हणे, ती पण सोमवारीच येणार.

नाव-गाव झाकून पहिलं पान खाली टाकलंय. कुणी वाचून सांगाल काय? भावाबद्दल तक्रार काही नाही, हे आधीच सांगतो.

बैलहोंगलचा_बसू
अक्का, माझ्या घरात कन्नड बोलतात, मराठी बेळगावात कॉलेजला शिकलो. फोटो वाचला. वर मथळाच "हक्कु बिडुगडे पत्र" आहे. म्हणजे हक्कसोड. वारसा लावायचा कागद हा नव्हेच.

मजकूर थोडक्यात असा: लिहून देणाऱ्या तुम्ही दोघी बहिणी, लिहून घेणारे दोघे भाऊ. "आमच्या लग्नात वडिलांनी भरपूर खर्च केला, दागिने घातले, सासरी आमचं चांगलं चाललंय, म्हणून या जमिनीतला हिस्सा आम्हाला नको. राजीखुशीनं, कुणाच्या दबावाशिवाय हा हक्क सोडत आहोत. पुढं आम्ही किंवा आमची मुलं यावर दावा सांगणार नाही." शेवटी एक ओळ आहे: "हा मजकूर आम्हाला वाचून दाखवला, तो आम्हाला समजला."

ती ओळ पण कन्नडातच आहे.

उचगावकर
बाई, मी तुमच्याच बाजूचा. खरं सांगू? सही करून टाका. अडीच एकरात तुमच्या वाट्याला येणार किती? त्या तेवढ्यासाठी भाऊ तुटतोय बघा. आमच्या भागात महालक्ष्मीची यात्रा कितीतरी वर्षांनी एकदा येते. त्या वेळी गावातल्या झाडून सगळ्या लेकी येतात, भावाच्या दारात मांडव असतो. त्या मांडवात तुम्हाला कुणी बोलावलं नाही तर गुंठे घेऊन काय करणार? आमच्या बहिणींनी पंधरा वर्षांपूर्वी सह्या दिल्या. आजही दिवाळीला येतात, साडी-चोळी घेऊन जातात. कुणाचं काही बिघडलं नाही.

सीमाभागी_आवाज
हाच तो अन्याय! १९५६ ला आम्हाला न विचारता म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात घातलं, तेव्हापासून हे चालू आहे. घटनेचं कलम ३५० सांगतं की दाद मागायचा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो. ३५० ब खाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्ताचं पद आहे. ज्या तालुक्यात अल्पसंख्याक भाषकांचं प्रमाण १५ टक्क्यांवर आहे, तिथं महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत काढायच्या, हे केंद्रानं आणि राज्यांनी मिळून मान्य केलेलं आहे. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत मराठी माणूस १५ टक्के आहे की नाही, हे शेंबडं पोर पण सांगेल. तरी उतारा कन्नड, नोटीस कन्नड, बसवरची पाटी कन्नड. महाराष्ट्रानं २००४ ला सुप्रीम कोर्टात दावा घातला, तो अजून तिथंच. आणि इकडं एक मराठी बाई न कळणाऱ्या कागदावर सही करायला बोलावली जाते. ताई, तुम्ही एकट्या नाही.

निपाणीची_लेक
आवाजसाहेब, तुम्ही लिहिलेली कलमं बरोबर आहेत. पण एक सांगा, हा कागद पाठवला कुणी? तहसीलदारांनी? बेंगळुरूनं?

पाठवला भावानं. भाऊ मराठी, बहीण मराठी, पाळण्यापासून दोघं मराठीतच भांडली असतील. कागद कन्नडात असला तरी "यात तुझा हिस्सा सोडायचं लिहिलंय" एवढं वाक्य फोनवर मराठीत बोलायला त्याला कुठल्या सरकारनं अडवलं होतं? तो म्हणाला "वारसा". हेच भाऊ एक नोव्हेंबरला, काळा दिवस म्हणून, काळे कपडे घालून सायकल फेरीत असतात, मराठी परिपत्रकं द्या म्हणून मोर्चाला असतात. मागणी रास्तच आहे, माझा भाऊही असतो. मात्र सरकारनं आपल्याला न कळणारा कागद दिला तर तो अत्याचार, आणि आपण बहिणीला दिला तर तो व्यवहार, हे मला पटत नाही.

निपाणीला एप्रिल १९२५ मध्ये बहिष्कृतांची परिषद झाली, बाबासाहेब आले होते, आम्ही त्याचा अभिमान सांगतो. त्याच माणसानं १९५१ ला मंत्रिपद सोडलं, त्या राजीनाम्यामागं हिंदू कोड बिल रखडलं हे एक मोठं कारण होतं. मुलीचा वारसाहक्क त्या बिलात होता. बाबासाहेबांचा फोटो घरोघरी आहे. उताऱ्यावर लेकीचं नाव किती घरांत आहे, प्रत्येकानं आपापला उतारा काढून बघावं.

सीमाभागी_आवाज
तुम्ही विषय भरकटवताय.

व्यवस्थापक
धागा सीमाप्रश्नाचा नाही, धागाकर्तीनं कागदाबद्दल विचारलंय. सीमाप्रश्नाचे चार धागे आधीच चालू आहेत, तिकडं मोकळेपणी लिहा. कागदाच्या फोटोत एका ठिकाणी सर्व्हे नंबर दिसत होता, तो झाकलाय.

टिळकवाडीचा_वकील
दिवाणी प्रॅक्टिस बेळगावातच करतो. बसूंनी बरोबर वाचलंय. बाकीचं सोपं करून लिहितो, जरा लांब होईल.

वडिलांची स्वकष्टार्जित जमीन असेल आणि त्यांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर त्यात मुलीला मुलाइतकाच हिस्सा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासूनच आहे. घोळ होता तो वडिलोपार्जित जमिनीचा. तिथं जन्मानं हक्क फक्त मुलग्यांना. १९९४ साली दोन्ही राज्यांनी हे बदललं, महाराष्ट्रानं २२ जूनपासून, कर्नाटकानं ३० जुलैपासून. पण दोघांनीही त्याआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. म्हणजे राज्य कुठलंही असो, लग्न लावून दिलेली लेक बाहेर. यात मात्र दोन्ही राज्यांचं एकमत होतं, सीमावाद आड आला नाही. शेवटी केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ ला लागू झाली आणि लग्नाची अट गेली. मुलगी जन्मानंच हिस्सेदार, मुलाइतकी. हिंदू म्हणजे यात लिंगायत, जैन, बौद्ध, शीख सगळे आले. मुसलमान कुटुंबांना शरियतचा नियम, तिथं मुलीला मुलाच्या निम्मा.

पुढचं आपल्या लोकांना सहसा माहीत नसतं. या दुरुस्तीवरचा एक मोठा खटला आपल्या बेळगावच्या दिवाणी कोर्टातून वर गेला. एका मुलीनं वाटणीचा दावा १९९२ ला इथं घातला होता, वडील १९८८ ला वारलेले. तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १६ ऑक्टोबर २०१५ ला निकाल लागला की ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असतील तरच मुलीला हा हक्क. वकील लोक त्याला फुलावती निकाल म्हणतात. पाच वर्षं आम्ही पक्षकारांना पहिला प्रश्न हाच विचारत होतो की "वडील कधी गेले?" वडील २००४ ला गेले असतील तर पोरीला घरी पाठवायचं. ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायाधीशांच्या पीठानं तो निकाल रद्द ठरवला. हक्क जन्मानं आहे, वडील त्या तारखेला जिवंत असण्या-नसण्याशी त्याचा संबंध नाही. वाटणीपुरता अपवाद एवढाच, की २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत वाटणी किंवा कोर्टाचा हुकूमनामा झाला असेल, तर तो मोडत नाही. आपल्याकडं तलाठ्याला नुसती "वाटणी वर्दी" देऊन उतारे वेगळे करायची पद्धत होती. तेवढ्यावर आता भागत नाही, तोंडी वाटणी कोर्ट सहजासहजी मानत नाही.

तुमचा हिशोब. आई, दोन मुलगे, दोन मुली. वडिलोपार्जित धरा किंवा वडिलांची स्वतःची धरा, दोन्ही रीतींनी प्रत्येकाला पाचवा हिस्सा येतो. अडीच एकर म्हणजे शंभर गुंठे. तुमचे वीस. आईचेही वीस, हे कुणी विसरू नये.

आता कागदाचं. वारसा लावणं म्हणजे मयताच्या जागी सगळ्या वारसांची नावं उताऱ्यावर चढवणं. त्याला हक्कसोड लागत नाही. मृत्यूचा दाखला आणि वंशवृक्ष घेऊन अर्ज करायचा, नोटीस निघते, मुदतीत हरकत आली नाही तर नोंद मंजूर होते. हक्कसोड हा वेगळा दस्त, सब-रजिस्ट्रारपुढं नोंदवावा लागतो. एकदा नोंदला की मग "मला कळलं नव्हतं" म्हणत तुम्हाला कोर्टात यावं लागेल, कळल्यापासून तीन वर्षांच्या आत. निरक्षर किंवा पडद्यातल्या बायकांच्या बाबतीत, मजकूर समजावून सांगितला होता हे सिद्ध करायची जबाबदारी कोर्टं कागदाचा फायदा घेणाऱ्यावर टाकतात. पण तुम्ही सातवी शिकलेल्या, अंगठा न देता सही करणाऱ्या. तुमच्या बाबतीत कोर्ट काय म्हणेल यावर मी पैज लावणार नाही. त्यापेक्षा आधी सही न करणं सोपं.

भाषेबद्दल एक. नोंदणी कायद्याचं कलम १९ असं आहे की नोंदणी अधिकाऱ्याला न समजणारी आणि त्या जिल्ह्यात सर्रास वापरात नसलेली भाषा असेल तर दस्त नाकारायचा, तोही भाषांतर जोडलं नसेल तरच. मराठी बेळगाव जिल्ह्यात वापरात नाही असं कोण म्हणेल? म्हणजे दस्त मराठीत लिहून, कन्नड भाषांतर जोडून नोंदवायचा आग्रह तुम्ही धरू शकता. पण दस्त लिहिणारा तयार कन्नड नमुन्यात नावं भरतो आणि मोकळा होतो. आग्रह कुणी धरत नाही, कारण आग्रह धरायची गरज ज्या बाईला असते ती त्या टेबलावर सगळ्यात शेवटी येते.

उचगावकर
वकीलसाहेब, कायदा कळला. कायदा भाऊबीज करत नाही.

निपाणीची_लेक
भाऊबीज वीस गुंठ्यांना पडत असेल तर ती महाग आहे.

ऊसवाला_खानापूर
माझं वेगळं मत आहे, शिव्या पडल्या तरी चालतील. शहरातले लोक हिस्सा-हिस्सा करतात, पण घर कोण चालवतंय ते बघत नाहीत. माझे वडील दीड वर्ष अंथरुणाला होते. केएलई दवाखान्याच्या फेऱ्या कुणी मारल्या? मी. सोसायटीचं कर्ज कुणाच्या डोक्यावर? माझ्या. बहिणीच्या लग्नात वडिलांनी म्हैस विकली, वर हातउसने घेतले, ते मी फेडले. रात्री उसाला पाणी सोडायला लाइट येते तेव्हा बहीण येत नाही. आणि हिस्सा मागायला मात्र कायदा आला. जमिनीचे तुकडे होत होत शेवटी बांध तेवढे उरतील. हे पण अन्यायच आहे की नाही?

निपाणीची_लेक
अन्याय आहे. पण तो बहिणीनं केलेला नाही. तुमचा मुद्दा मी हलका धरत नाही. आई-वडिलांना सांभाळायची जबाबदारी कायद्यानं मुलगा-मुलगी दोघांवर आहे, १९५६ चा दत्तक आणि पोटगीचा कायदा बघा, २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा बघा. बहिणीकडून निम्मा दवाखाना मागा. कर्ज जमिनीवरचं असेल तर तेही हिश्शानं वाटा, पाणी पाजण्याची मजुरी धरा. हे सगळं हिशोबात बसतं. बसत नाही ती एकच गोष्ट, की हिशोब भावानं एकट्यानं करायचा आणि बहिणीला फक्त बेरजेखाली सही करायला बोलवायचं.

आणि तुकड्यांचं म्हणाल तर तुम्ही भाऊ किती? तुमच्यात वाटणी झाली तेव्हा जमिनीचे तुकडे झाले नाहीत?

ऊसवाला_खानापूर
तिघे. झाले.

बैलहोंगलचा_बसू
मला भाषेबद्दल एक बोलायचं आहे, रागावू नका. इथं काही जण म्हणतात की कागद मराठीत असता तर हे झालं नसतं. आमच्या घरात सगळे कन्नड वाचतात. माझी अक्का तर शाळेत कन्नडच शिकवते. दहा वर्षांपूर्वी तिनं अशाच कागदावर सही केली. प्रत्येक ओळ वाचून केली. दबाव नाही असं लिहिलेली ओळ पण वाचली. मी समोर बसलो होतो, अप्पा बसले होते, काका बसले होते, सगळे तिच्या पेनाकडं बघत होते. दबाव कुणीच टाकला नाही. फक्त सगळे बघत होते.

तिला कागद कळला होता. नाही म्हटल्यावर घरात काय होईल ते पण कळलं होतं.

टिळकवाडीचा_वकील
बसू, हे लिहिल्याबद्दल आभार. कोर्टात आम्ही "संमती" हा मुद्दा चालवतो तेव्हा सही खरी का खोटी, साक्षीदार कोण, फसवणूक झाली का, एवढंच बघू शकतो. अनुचित प्रभाव म्हणून कराराच्या कायद्यात कलम १६ आहे, पण "सगळे बघत होते" हे साक्षीत मांडायचं कसं? घटनेच्या १४ आणि १५ कलमांनी समानता दिली, २००५ ला ती सात-बारापर्यंत, म्हणजे आपल्याकडच्या पहाणीपर्यंत पोचली. आणि एका नोंदणीकृत कागदानं ती परत सासरी पाठवता येते, कायदा न मोडता. माझ्याकडं हक्कसोड करून घ्यायला भाऊ येतात. बहीण सोबत असते, पण बोलत नाही. मी हल्ली भावांना बाहेर बसायला सांगतो आणि बहिणीशी एकटीशी बोलतो. यावरून पक्षकार गेलेत माझे. जाऊ देत.

कंग्राळीची_पोर
मी बारावीत आहे, हा धागा आईला वाचून दाखवला. ती म्हणाली "बंद कर ते". मग थोड्या वेळानं विचारलं, "तीन वर्षं कधीपासून धरतात?"

माहेरवाशीण_चंदगड
सगळ्यांचे आभार. बसू, तुमचे खास. काल रात्री भावाला फोन केला. विचारलं, कागदात काय लिहिलंय? म्हणाला, "नेहमीचंच." म्हटलं, हक्कसोड आहे काय? गप्प. मग म्हणाला, "कुणी वाचून दाखवलं?" एवढंच विचारलं त्यानं.

घाई कशाला ते पण कळलं. रिंगरोडसाठी आमच्या शिवारात मोजणी येणार अशी बोलवा आहे. नुकसानभरपाई आली तर उताऱ्यावर जितकी नावं तितक्या सह्या, म्हणून आधीच नावं कमी करायची. उचगावकर, तुम्ही म्हणालात गुंठे घेऊन काय करणार. गुंठे जाणारच आहेत, भावाचे पण आणि माझे पण. राहणार ते पैसे.

निपाणीच्या ताई मनात विचारत असतील म्हणून सांगतो. माझ्या नणंदांच्या सह्या माझ्या लग्नाआधीच झाल्यात, चंदगडला, मराठी कागदावर. नवऱ्याला काल विचारलं, त्या कागदात काय लिहिलंय माहीत आहे काय? म्हणाला, "नेहमीचंच." दोघांनी तोच शब्द काढला.

सीमाभागी_आवाज
ताई, माझा आधीचा प्रतिसाद रागात होता, मतं तीच आहेत. पण वारसा अर्जाची नोटीस तुम्हाला मराठीत मिळायला हवी, हा मुद्दा सोडू नका. लेखी मागा. अर्ज मराठीतच द्या, पोच घ्या. ३५० कलम तेवढ्यासाठीच आहे. मसुदा हवा असेल तर मी करून देतो.

टिळकवाडीचा_वकील
मसुदा त्यांच्याकडून घ्या, ते चांगला करतात. आणि वकिलाच्या फीची काळजी नको. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७, कलम १२. स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळते, उत्पन्नाची अट नाही. तालुका कोर्टाच्या आवारात समितीचं ऑफिस असतं. फोननं विचारायचं असेल तर १५१००. सोमवारी गेलात तरी सही करू नका, आणि "नंतर बघू" म्हणून कोऱ्या कागदावर तर मुळीच नको.

माहेरवाशीण_चंदगड
सोमवारचं सांगतो. गेलो होतो. थोरली बहीण आली होती, तिनं सही केली. तिला मी फोनवर सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "मला माहीत आहे ग, माझ्या पोरीचं लग्न काढलंय, मामा लागतोय मला." मी तिला काही बोललो नाही. तिचं ती बघेल.

मी भावाला म्हटलं, माझं नाव उताऱ्यावर लागू दे. पैसे येतील तेव्हा बाबांच्या दवाखान्याचा खर्च काढून हिशोब करू, लग्नाचा पण काढ, मी बसतो तुझ्यासोबत वही घेऊन. तो म्हणाला, "म्हणजे तुला हिस्सा पाहिजेच." म्हटलं, हो, पाहिजे. दस्त लिहिणाऱ्यानं कागदातनं माझं नाव काढून परत टाइप केला, त्याचे जादा पैसे भावानं मला द्यायला लावले. दिले.

वारसाचा अर्ज आता सगळ्यांच्या नावानं द्यायचं ठरलंय, निदान तोंडी. तलाठ्यानं विचारलं, आईचं नाव कुठं आहे? दोघा भावांना माहीतच नव्हतं की आईला पण हिस्सा असतो. काल धाकट्याचा परत फोन. माझ्याशी बोलला नाही, माझ्या मुलाला विचारतोय, "आजीला चार दिवस आमच्याकडं पाठवा म्हणावं, कागदावर तिची एक सही पाहिजे."

आई सध्या माझ्याकडं आहे. वकीलसाहेब, तिला कन्नड सोडा, मराठी पण वाचता येत नाही. तिला घेऊन तुमच्याकडं कधी येऊ?

टिळकवाडीचा_वकील
गुरुवारी, संध्याकाळी पाचनंतर. भावांना सांगायला हरकत नाही, आले तरी ते बाहेर बसतील.